चटणीच्या चमच्याचं तेलपाणी

सोलापुरातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत फळीवर चटण्यांच्या बरण्या ओळीने असतात. शेंगाचटणी तर असतेच. तिच्या शेजारी जवसाची, कारळाची, कधी तिळाची. भाकरीबरोबर खाणाऱ्याला हा फरक चवीचा वाटतो. लाकडाची छोटी कामं करणाऱ्याने मात्र या ओळीकडे आणखी एका नजरेने पाहावं. या दाण्यांची तेलं हवेत उघडी ठेवली तर प्रत्येक जण वेगळं वागतं. जवसाचं तेल सुकून कडक होतं. कारळाचं रेंगाळत, अर्धवट सुकतं. तिळाचं महिनोन्‌महिने ओलंच राहतं. शेंगदाण्याचं तर कधीच सुकत नाही, ते फक्त खवट होतं.

नव्या लाटण्याला, उलथण्याला, चटणीच्या लाकडी चमच्याला घरात असेल ते तेल चोळायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि घरात असतं ते बहुतेक वेळा शेंगतेल. पहिल्या दिवशी लाकूड सुंदर दिसतं. बाभळीचा लालसर गाभा उजळतो, रेषा वर येतात. आठवडाभराने हाताला चिकट लागतं, महिन्याने त्यावर पिठाची नि धुळीची काळपट साय बसते, आणि उन्हाळा लागला की नाकाजवळ नेताच जुन्या दाण्यांचा वास येतो. मग लाकडाला दोष दिला जातो. लाकडाचा काहीच दोष नसतो.

तेल ‘सुकतं’ म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू ते धरून ठेवतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाचा घट्ट, न विरघळणारा पदार्थ होतो. हे जोडकाम किती होईल ते तेलाच्या आयोडीन मूल्यावरून (100 ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन धरतं तो आकडा) ताडता येतं. खोबरेलाचं मूल्य दहाच्या आसपास, शेंगदाण्याचं 85 ते 105, तिळाचं साधारण 105 ते 120, करडईचं 140 ते 150 आणि जवसाचं 170 च्या वर. ढोबळ हिशेब असा, की 130 च्या खालचं तेल लाकडावर पक्कं होईल या भरवशावर राहू नये. तिळाच्या तेलाला तर स्वतःचंच राखण आहे. त्यातले नैसर्गिक घटक ते खवट होऊ देत नाहीत आणि त्याच कारणाने सुकूही देत नाहीत. लोणच्याला हा गुण, लाकडाला अडचण.

या यादीत करडई कुठे बसते ते पाहा. सोलापूरच्या काळ्या रानात रब्बीच्या ज्वारीबरोबर करडईचे पट्टे पेरायची जुनी रीत आहे. कडेने काटेरी करडई असली की जनावर ज्वारीत शिरत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते तेव्हा रानात करडई पिवळ्या-केशरी फुलावर असते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. हे तेल आपण खातो, पण रंगकामात आणि रोगणातही ते फार जुनं आहे. ‘रोगण’ हा आपला शब्दच मुळात फारसीतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ तेल. वायव्य सरहद्दीकडे करडईच्या जातीच्या रानटी झाडाचं तेल आटवून त्याचा डिंकासारखा घट्ट लगदा करत आणि कापडावर त्याची नक्षी काढत. चित्रकारांच्या पांढऱ्या रंगात आजही करडईचं तेल वापरतात, कारण जवसाच्या मानाने ते फारच कमी पिवळं पडतं. शिवण, आंबा, बाभळीचा बाहेरचा फिकट भाग अशा उजळ लाकडांवर हा गुण लगेच डोळ्यांत भरतो. जवस लावलेला आंब्याचा चमचा दोन वर्षांत तांबूस-पिवळा होतो, करडई लावलेला बराचसा मूळ रंगावर राहतो.

करडईची उणीव एकच, ती सावकाश सुकते. जवसाचा पातळ हात दोन-तीन दिवसांत स्पर्शाला कोरडा होतो, करडईला आठवडा लागू शकतो. सोलापूरचं ऊन इथे कामी येतं.

आधी तेल निवडून घ्यायचं. लाकडी घाण्याचं, काही न मिसळलेलं करडई तेल घ्यावं. दुकानातल्या पाकीटबंद तेलाची लेबलं वाचावीत. टिकण्यासाठी प्रतिऑक्सीकारक (अँटिऑक्सिडंट) घातलेलं असेल, तर ते तेल बाटलीत खवट होऊ नये म्हणून जे करतं तेच लाकडावरही करतं, आणि सुकणं लांबतं. दुसरी गोष्ट, ‘हाय ओलिक’ लिहिलेली करडई नको. त्या वाणांचं तेल हृदयाला चांगलं आणि तळणीला टिकाऊ म्हणून मुद्दाम घडवलेलं असतं, ते सुकत नाही. आपल्याला जुन्या पद्धतीची, लिनोलिक आम्ल (तेल सुकवणारं मेदाम्ल) 70 टक्क्यांच्या वर असलेली करडई हवी.

घाण्याच्या तेलात गाळ आणि चिकटा असतो, तो आधी काढावा. अर्धा लिटर तेल एका लिटरहून मोठ्या पारदर्शक बाटलीत ओतून त्यात तेवढंच कोमट पाणी आणि दोन चमचे मीठ घालावं, मिनिटभर हलवून बाटली दिवसभर उभी ठेवावी. खाली पाणी, मध्ये पांढरट फेसाळ थर, वर तेल. वरचं तेल अलगद काढून पुन्हा तेच करावं. तिसऱ्या वेळेस मधला थर जवळजवळ दिसत नाही. हे टाळलं तर पुढे तेलाचा डाग पडतो आणि पावसाळ्यात बुरशीला आयतं खाद्य मिळतं.

धुतलेलं तेल स्टीलच्या परातीत किंवा काचेच्या पसरट भांड्यात बोटाच्या एका पेराहून कमी खोलीवर ओतायचं आणि गच्चीवर उन्हात ठेवायचं. तांब्या-पितळेचं भांडं घेऊ नये, धातूचा अंश तेलात उतरतो. वर मलमल बांधावी, म्हणजे हवा जाईल पण धूळ, मुंगी आणि पाखरांची विष्ठा नाही. रोज एकदा लाकडी काडीने ढवळावं, नाहीतर वर साय धरते आणि खालचं तेल तसंच राहतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठेवलं तर एप्रिलच्या अखेरीस ते पातळ मधासारखं होतं, रंगही आधीपेक्षा फिका. घट्टपणा हीच खूण. काडी उचलल्यावर थेंब तुटून पडण्याऐवजी तार धरू लागला की उन्हातून काढावं. या तेलाने जोडकामाचा पहिला टप्पा बाटलीबाहेरच उरकलेला असतो, म्हणून लाकडावर ते कच्च्या, म्हणजे उन्हात न ठेवलेल्या करडईच्या मानाने लवकर बसतं आणि थोडी चमकही देतं. वास रंगाच्या डब्यासारखा येतो, ते बरोबरच आहे. हे तेल आता खायचं नाही, बाटलीवर तसं मोठ्या अक्षरात लिहावं. साठवताना बाटलीत हवा राहिली तर तिथेच ते घट्ट होत जातं. पातळी खाली गेली की स्वच्छ काचेच्या गोट्या टाकून ती वर आणायची ही चित्रकारांची युक्ती इथे चांगली चालते.

ज्यांना महिनाभर थांबायचं नाही त्यांनी दोन भाग कच्ची करडई आणि एक भाग धुतलेलं खाण्याचं जवस तेल घ्यावं. रंग थोडा गडद होईल, वेग बराच वाढेल. मात्र हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉईल्ड’ जवस तेल पोळपाट-लाटण्याच्या आसपासही आणू नये. ते नुसतं उकळलेलं नसतं, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. दाराच्या चौकटीला ते ठीक.

आता लाकूड. चटणीच्या चमच्याला बाभूळ आणि चिंच ही दोन्ही जड, घट्ट लाकडं उत्तम. खाटकाचा ओंडका चिंचेचा असतो तो उगाच नाही. कडुनिंब दिसायला छान, पण कडवटपणा चटणीत उतरू शकतो. शिसम आणि सागाबद्दल सावध राहावं. त्यांच्या अंगातच असे पदार्थ असतात की सुकणारं तेल त्यांच्यावर अडून बसतं, विशेषतः शिसमावर. शिसमाचं पोळपाट तेल लावून महिना झाला तरी ओलसर लागत असेल तर तेल बदलून उपयोग नाही. तिथे नुसतं मेण चोळावं. शिसमाची पूड काहींच्या कातडीला आणि श्वासाला त्रास देते, तेव्हा घासताना तोंडाला फडकं बांधावं.

काचपेपर 120, मग 180, मग 220. प्रत्येक वेळी आधीच्या पेपराचे ओरखडे पूर्ण गेले पाहिजेत, नाहीतर तेल लागताच ते काळ्या रेघा होऊन उठतात. 220 झाल्यावर ओल्या फडक्याने सगळं लाकूड पुसून सावलीत वाळू द्यावं. पाण्याने बसलेले तंतू ताठ होतात आणि हात फिरवला की लव लागते. ती 220 नेच हलक्या हाताने काढावी. हे दोनदा करावं. जो चमचा रोज धुतला जाणार, त्याची लव आपण आत्ता उठवली नाही तर पहिल्या धुण्यात ती उठेल, आणि मग लोक म्हणतील तेल खराब होतं.

पहिला हात पातळ, कच्च्या करडईचा. तेल वाटीत घेऊन गरम पाण्यात वाटी ठेवून बोटाला सोसेल इतपत कोमट करावं, म्हणजे टर्पेंटाइन न घालता ते आत जातं. टर्पेंटाइनने काम सोपं होतं हे खरं, पण खाण्याच्या वस्तूला ते नकोच. एका मध्यम लाटण्याला चहाचा एक चमचा तेल पुरतं, आंब्याचं लाकूड दुप्पट पितं. दांड्याची कापलेली टोकं सगळ्यात जास्त पितात, तिथे परत परत लावावं. अर्धा तास ओलं ठेवायचं आणि मग पुसायचं, असं पुसायचं की वर काही उरलंच नाही असं वाटावं. ‘अजून थोडं असू दे’ ही इच्छा इथेच मारावी लागते. चिकटपणाच्या दहापैकी नऊ तक्रारींचं मूळ माझ्या मते या न पुसलेल्या तेलात असतं. आत मुरलेलं तेल लाकूड होऊन जातं. वर राहिलेलं तेल सायीसारखं सुकतं, म्हणजे वरून कोरडं आणि खालून ओलं.

पुसण्याचं कापड जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं हवं. सोलापुरात टॉवेलचा तुटवडा नाही, पण त्याच्या फुलांचे धागे तेलात अडकतात. आणि पुसून झालेल्या चिंधीचं काय करायचं ते आधीच ठरवावं, कारण या सगळ्या कामात खरा धोका तोच आहे. तेल हवेशी जोडलं जाताना उष्णता बाहेर पडते. लाकडाच्या पृष्ठभागावर ती निघून जाते, पण चुरगाळलेल्या चिंधीच्या पोटात ती साठत जाते, आणि काही तासांत काडी न लावता चिंधी पेट घेऊ शकते. जवसाच्या तेलाची ही खोड प्रसिद्ध आहे, करडईच्या तेलातही ती आहे. 42 अंशांच्या दुपारी, सुताचा भुसा उडणाऱ्या मागाच्या शेडशेजारी, किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली असा बोळा टाकणं म्हणजे आग पेरणं. चिंधी लगेच पाण्याच्या बादलीत बुडवावी, नाहीतर एकेरी उलगडून दोरीवर मोकळ्या हवेत वाळत घालावी. कडक होऊन पापडासारखी वाजायला लागली की मगच कचऱ्यात.

दुसरा हात चार दिवसांनी, कच्चं आणि उन्हातलं तेल निम्मं-निम्मं. तिसरा आठवड्याने, नुसतं उन्हातलं. या हाताला 400 नंबरचा पाण्याचा काचपेपर तेलातच भिजवून रेषेच्या दिशेने घासावा. लाकडाची बारीक पूड आणि तेल मिळून जो चिखल होतो तो छिद्रांत भरतो. दहा मिनिटं तसाच ठेवून रेषेला आडवा पुसावा, म्हणजे भरलेलं बाहेर ओढलं जात नाही. शेवटी तळहाताने चोळावं. तळहाताची ऊब आणि दाब यांना पर्याय नाही. फडकं तेल नुसतं पसरवतं, हाताला कुठे कोरडं राहिलं आणि कुठे साठलं ते कळतं.

तेल उन्हात ठेवायचं, पण तेल लावलेलं लाकूड उन्हात ठेवायचं नाही. हा फरक फार जण चुकतात. सोलापूरच्या उन्हात लाकूड तापलं की छिद्रांतली हवा फुगते, तेलाला बाहेर ढकलते आणि पृष्ठभागावर चकचकीत बारीक थेंब उठतात. ते तसेच सुकले तर खरबरीत ठिपके बनतात. शिवाय कोरड्या झळेत दांड्याच्या टोकाला चीर जाते. सावली, वाहती हवा आणि दोऱ्याने टांगलेली वस्तू, एवढं पुरेसं आहे. पहिल्या दोन दिवशी दर काही तासांनी पाहून थेंब दिसला की पुसावा.

तेलाच्या हातांनंतर वरून चोळायची ती मेणाची पेस्ट. तिचं प्रमाण वजनाने: उन्हातलं तेल 100 ग्रॅम, मधमाशीचं मेण 25 ग्रॅम. एप्रिल-मेमध्ये मेण 30 ग्रॅम करावं, नाहीतर डबीत पेस्टचं सरबत होतं. मेण अस्सल आहे का ते आधी पाहावं. मधमाशीच्या मेणाला मंद मधाचा वास असतो, तोडलं तर कड दाणेदार नि मंद दिसते, बोटांत मळलं तर मऊ होतं. मेणबत्तीचं मेण अर्धपारदर्शक आणि निसरडं. पोळ्याचं कच्चं मेण असेल तर पाण्यात वितळवून मलमलीतून गाळावं. थंड झाल्यावर वडीच्या बुडाला चिकटलेला गाळ सुरीने खरवडून टाकावा. मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, म्हणून थेट गॅसवर नाही, गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून. मेण विरघळलं की गॅस बंद. थंड होताना पेस्ट दुधाळ होईपर्यंत ढवळत राहावं. न ढवळता सावकाश निवू दिली तर मेणाचे रवाळ दाणे होतात. असं झालं तर पुन्हा वितळवा आणि भांडं गार पाण्यात धरून जोरात ढवळा.

तिसऱ्या हातानंतर आठवडाभराने तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट तळहातावर घेऊन चमच्याला चोळायची, तीन-चार तासांनी कोरड्या धोतराच्या तुकड्याने घासून काढायची. मेणाचं काम रक्षणाचं कमी, स्पर्शाचं जास्त. पाण्याचा थेंब त्यावर मण्यासारखा उभा राहतो खरा, पण गरम रस्सा लागला की ते मऊ होतंच. खरं राखण आत सुकलेलं तेल करतं.

वापरायला काढण्याआधी पहिल्या हातापासून निदान महिना जाऊ द्यावा, शक्य तर सहा आठवडे. पाऊस सुरू झाला की दमट हवेत वेळ आणखी लांबतो, म्हणून हे काम मृगाच्या आत उरकावं. कॅलेंडर काहीही म्हणो, चाचणी घ्यावीच. चमचा झाकणबंद डब्यात रात्रभर ठेवून सकाळी डबा उघडताच वास घ्या. रंगाच्या डब्यासारखा किंवा खवट वास आला तर अजून कच्चं आहे. नंतर पांढरं फडकं गरम पाण्यात पिळून जोरात पुसा. फडक्यावर पिवळसर माखलं तर पुन्हा दोन आठवडे टांगून ठेवा. दोन्ही परीक्षा पार झाल्या की चमचा शेंगाचटणीच्या बरणीत बिनधास्त जाऊ द्यावा. चटणीतलं शेंगतेल आता छिद्रांत शिरायला जागा नसल्याने वरच राहतं आणि धुण्यात निघून जातं. कोऱ्या लाकडाचा चमचा तेच तेल पिऊन दोन महिन्यांत खवट झाला असता.

एवढं करूनही चिकटलंच, तर वर नवं तेल लावून झाकू नये. कोमट कच्च्या तेलाचा ओला बोळा दहा मिनिटं फिरवावा, ताजा चिकटा त्यात सुटतो. मग करकचून पुसावं. जुना, घट्ट झालेला थर असा जात नाही. तो काचेच्या तुकड्याने किंवा पोलादी पात्याने खरवडून 220 पासून सुरुवात करावी. काळे ठिपके बुरशीचे असतात. वस्तू धुऊन उभी न वाळवता सिंकच्या कडेला आडवी ठेवली की येतात. हळदीचा डाग पडला तर घासू नका. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, पूर्ण सुकलेली वस्तू कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेवली की तो उतरतो.

ज्यांना यातलं काहीच नको, त्यांनी औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आयपी (औषधी दर्जाचं खनिज तेल) आणावं. बाटलीवर दुसरा कुठलाही घटक नसलेलं, कारण पोट साफ होण्याच्या काही औषधांत त्याच्याबरोबर बरंच काही असतं. ते सुकत नाही, पण खवटही होत नाही, आणि लावल्या दिवशी वापरता येतं. फक्त महिन्याला परत लावावं लागतं. भाजी कापायच्या फळीला हा मार्ग मला करडईपेक्षाही बरा वाटतो, कारण फळीवर सुरी रोज नवं लाकूड उघडं करते आणि सहा आठवड्यांची मेहनत सहा दिवसांत कापली जाते.

भाकरीच्या काठवटीला मात्र आतून काहीच लावू नये. ज्वारीचं पीठ आणि हाताचा दाब यांनी तिचं अंग आपोआप गुळगुळीत होतं, आणि तेलकट लाकडावर भाकरी थापताना सरकते. बाहेरून, बुडाला आणि काठाच्या आडव्या कापलेल्या बाजूंना करडईचे दोन हात द्यावेत, म्हणजे मे महिन्यात ती तडकत नाही.